रस्त्यापलीकडचा उजेड

दमलोय मी, मित्रांनो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच माझा आवाज बसला तर तुम्ही घाबरणार नाही. म्हातारी माणसं खुर्चीत टेकताना आधी "आई गं" म्हणतात आणि मग विषयाला हात घालतात. माझंही तसंच समजा.

मी ट्रान्सिव्हर आहे. नाव अवघड, काम सोपं. तुमच्या मधल्या बोटाएवढी माझी लांबी. अंग पत्र्याचं, मागे सोनेरी पट्ट्यांची रांग, पुढे एक बारीक भोक आणि ओढून बाहेर काढायला एक कडी. मागून विजेच्या खुणा येतात. मी त्यांचा उजेड करतो आणि भोकातून काचेच्या केबलमध्ये सोडतो. केबलमधून उजेड आला की त्याच्या परत विजेच्या खुणा करून मागे देतो. लुकलुक घ्यायची, लुकलुक द्यायची. सुट्टी नाही, आजारपणाची रजा नाही, आणि शाबासकीचं तर नावच काढू नका.

मी राबतो ते एक इस्पितळ आहे. बाळंतिणींचा वॉर्ड रस्त्याच्या अलीकडे आणि अशक्त बाळांचा विभाग रस्त्याच्या पलीकडे, नव्या इमारतीत. असं का बांधलं ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. दोन्ही इमारतींना जोडणारी केबल रस्त्याखालून गेली आहे. तिच्या या टोकाला मी आणि त्या टोकाला माझा जोडीदार. मी बसलोय सिस्टरांच्या खोलीत, भिंतीवरच्या लोखंडी पेटीत. पेटीचं दार कधीच नीट लागत नाही, त्यामुळे मला ती खोली दिसते आणि समोरच्या उघड्या दारातून वॉर्डही अर्धा दिसतो. पेटीच्या दाराला कुणी पिशवी अडकवतं, कुणी ओला टॉवेल. वर एक कुंडी ठेवली आहे. तिला पाणी घातलं की पहिला थेंब पेटीत.

"अगं बाई, त्यात वीज आहे ना?" एक सिस्टर म्हणते.

"असू दे गं, इतकी वर्षं काही झालं नाही," दुसरी म्हणते.

इतकी वर्षं काही झालं नाही ही कुणाची मेहरबानी, हे विचारायला कुणाला सवड आहे!

जन्म मात्र माझा मोठ्या थाटात झाला होता. त्या कारखान्यात माणसं तोंड बांधून, केस झाकून यायची. कुणाला शिंक आली तर बाहेर पळावं लागायचं. एका बाईंनी मला चिमट्याने उचललं, माझा उजेड मोजला, मान हलवली आणि माझ्या तोंडात रबरी बूच बसवलं. "धूळ जाऊ देऊ नकोस हं," असं त्या सहज बोलल्या. मला म्हणाल्या की शेजारच्या मुलीला, ते कळलं नाही, पण मी ते मनावर घेतलं. मग माझ्या कडीला निळा रंग लागला आणि शेजारच्याच्या कडीला पिवळा. आमची जोडी ठरली. आम्हाला कुणी विचारलं नाही.

या जोडीची भानगड तुम्हाला समजावून सांगितली पाहिजे. आमच्या केबलमध्ये केसाएवढा बारीक काचेचा तंतू असतो, आणि तोही एकच. जायला तोच, यायलाही तोच. मग माझं बोलणं आणि त्याचं बोलणं एकमेकांत मिसळू नये म्हणून आमचे उजेड वेगळ्या रंगांचे. हे रंग माणसाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. तरी आमच्या तोंडात कधी डोकावू नका, मित्रांनो, न दिसणारा उजेडही डोळा जाळतो. तर मी माझ्या रंगात बोलतो आणि मला ऐकू येतो तो फक्त त्याचा रंग. त्याचं बरोबर उलटं. निळ्यासमोर पिवळाच हवा. दोन निळे समोरासमोर बसवले तर दोघंही घसा फोडून ओरडतील आणि दोघंही ठार बहिरे.

आम्हाला बसवलं त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पलीकडचा एक्स-रे अलीकडच्या पडद्यावर झटक्यात उमटला, तेव्हा सगळे "वा, वा" म्हणाले. पडद्याला म्हणाले. एकानेही पेटीकडे पाहिलं नाही. तेव्हा मी तरुण होतो, मला राग आला होता. आता राग यायलाही अंगात ताकद लागते हे समजलं आहे.

त्यानंतर किती रिपोर्ट गेले आले, किती फोटो, किती नावं. त्यातलं मला एक अक्षर वाचता येत नाही. जन्माचा दाखला असो की मरणाचा, माझ्यासाठी दोन्ही सारखीच लुकलुक. कशात काय होतं ते मला खोलीतल्या बोलण्यावरून कळतं. हळूहळू माझा उजेड मंद होत गेला. जोडीदाराचाही होत होता, ते मला त्याच्या येण्यावरून समजायचं. त्याचा चेहरा मी विसरलो होतो. पण त्याचा उजेड हजारांत ओळखला असता.

मग पलीकडे प्रत्येक बाळाच्या काचेच्या पेटीवर कॅमेरा बसला आणि अलीकडे वॉर्डाच्या भिंतीवर टीव्ही. ज्या आया अजून उठून चालू शकत नव्हत्या, त्यांना आपलं बाळ इथूनच दिसावं म्हणून. नुसतं चित्र, आवाज नाही. हे काम मला आवडलं, खोटं कशाला बोलू. चित्र सुरू झालं की वॉर्डातल्या बायका जे काही बोलायच्या ना, ते ऐकून शिणवटा जरा हलका व्हायचा.

अशातच ती आली. वयाने लहान, अंगात ताप, पोटावर टाके. तिची मुलगी वेळेच्या बरीच आधी जन्मली होती आणि जन्मल्या जन्मल्या तिला दुलईत गुंडाळून रस्त्यापलीकडे नेलं होतं. आईने लेकीला अजून हातात घेतलं नव्हतं. ताप उतरेपर्यंत तिकडे जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिच्या दुधाला मात्र काही धोका नव्हता. थोरल्या सिस्टर दर थोड्या वेळाने यायच्या, दूध काढून घ्यायच्या, आणि तिचा नवरा ती बाटली घेऊन रस्ता ओलांडायचा. त्या एवढ्याशा जिवाला दुसरं काही पचत नव्हतं.

ती दिवसभर टीव्हीकडे बघत पडायची. तिच्या उशाशी तिची सासू. भारी बोलकी बाई. टीव्हीवर नात जरा हलली की हिचं सुरू.

"बघ, बघ! लाथ मारली!"

"आई, नुसता पाय हलवला तिने."

"त्याला पाय हलवणं म्हणतात होय? बापावर गेली आहे. माझ्या पोटात असताना हाही असाच धुडगूस घालायचा."

सून हसायची आणि हसताना टाके दुखतात म्हणून पोट धरायची. माझं वय विसरायला लावणारे दिवस होते ते.

मग सिस्टरांच्या खोलीला रंग द्यायचं ठरलं. रंगारी चांगला होता, गुणगुणत काम करायचा. पेटीमागची भिंत सुटायला नको म्हणून त्याने माझी केबल उपटली आणि लोंबती ठेवली. काही वेळ टीव्ही बंद राहील, हे त्याने आधी सगळ्यांना सांगितलं होतं, तेवढी माणुसकी त्याच्याकडे होती. पण केबलच्या टोकाला बूच नाही, माझ्या तोंडाला बूच नाही, आणि वर भिंत खरवडणं चाललेलं. काम संपल्यावर त्याने केबलचं टोक पाहिलं, त्याला ते धुळकट वाटलं, म्हणून त्याने ते अंगठ्याने पुसलं. पेन्सिलीचं टोक पुसावं तसं. मग खुपसलं माझ्या तोंडात. त्या अंगठ्याचं तेल आणि चुन्याची भुकटी. माझ्या तोंडावर थरच बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवरचं बाळ चौकोन चौकोन होऊन तुटायला लागलं. मधेच थिजायचं. थोरल्या सिस्टरांनी फुंकरला बोलावलं.

फुंकर हा आमचा तंत्रज्ञ. खरं नाव काहीतरी असेलच. पण कुठलीही वायर काढली की आधी तिच्यावर फुंकर मारायची, ही त्याची जुनी सवय, आणि सिस्टरांनी त्यावरून त्याचं बारसं केलं. मनाचा सरळ, हाताचा घाईचा. त्याने केबल काढली, गाल फुगवले आणि फूऽऽ! त्याचा ओला श्वास, त्यात चहाचा वाफारा, आणि खाली ते तेल. धूळ उडाली नाही, चिकटली. मग तो पलीकडे गेला आणि माझ्या जोडीदाराचीही तीच गत केली. चित्र आणखी बिघडलं.

"तिकडचं मॉड्यूल गेलं," परत येऊन त्याने निदान केलं. "नवीन टाकून येतो. दोन मिनिटांचं काम."

आम्हाला तो मॉड्यूल म्हणतो. पिशवीतून एक नवंकोरं पाकीट काढून तो पळाला. आणि थोड्याच वेळात माझ्या जोडीदाराचा उजेड एकदम बंद झाला.

मित्रांनो, मी घाबरलो. इतक्या वर्षांत समोरून कधी असं झालं नव्हतं. मंद झाला होता, अडखळला होता, पण गप्प कधी झाला नव्हता. मी ओरडत राहिलो. तिकडून काही येत होतं, केबलमध्ये काहीतरी चमकत होतं, पण ते मला ऐकू येण्यातलं नव्हतं. त्याने तिकडे माझ्यासारखाच निळा बसवला होता. दोघं निळे, दोघं बहिरे. माझ्या शेजारचा हिरवा दिवा विझला आणि टीव्ही काळा झाला.

फुंकरने बिचाऱ्याने सगळं करून पाहिलं. मोजायचं यंत्र लावलं तर उजेड दोन्ही टोकांना येत होता.

"उजेड तर येतोय की हो," तो डोकं खाजवत म्हणाला.

"मग चालत का नाही?" थोरल्या सिस्टर.

"येतोय, पण धड येत नसणार. केबल आत कुठेतरी दबली आहे. रस्ता खणावा लागेल."

"रस्ता खणायचा? आणि तोवर?"

"तोवर थांबायचं," फुंकर म्हणाला आणि पुन्हा एकदा फुंकर मारली.

वॉर्डात सून काळ्या टीव्हीकडे बघत होती.  मग तिने सासूला विचारलं, "आई, काय झालंय?"

"लाइन बिघडली आहे गं. करतायत दुरुस्त."

"कालही रंगवताना बंद होती. तेव्हा लगेच आली."

"येईल. छकुली मजेत आहे. मी आत्ताच विचारलं सिस्टरना."

सून उठून बसली. टाक्यांना हात लावून, हळूहळू. "आई, खरं सांगा."

"खरंच सांगते!"

"बाबा गेले तेव्हाही असंच सांगत होता तुम्ही."

खोलीतल्या सिस्टरांनी सुद्धा हातातलं काम थांबवलं. मला सगळं तेव्हा कळलं. हिला सातवा लागला होता तेव्हा हिचे वडील वारले. पोटुशा बाईला धक्का नको म्हणून घरात सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं, आणि त्या कुलपाची किल्ली सासूकडे होती.

"रोज सांगत होता," ती म्हणत होती. "ताप उतरला. आज जेवले. तुझी चौकशी करत होते. आणि बाबांना जाऊन पंधरवडा उलटला होता, आई. मी इकडे त्यांच्यासाठी स्वेटर विणत बसले होते."

"तुझ्या भल्यासाठीच ना गं ते? मी काय तुझी वैरीण आहे?"

"आताही माझ्या भल्यासाठीच सांगताय का?"

सासू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. सदा बोलणारी माणसं गप्प झाली की फार वाईट दिसतं.

नवऱ्याला फोन गेला. तो पलीकडे काचेबाहेर बसून होता, तिथून धावत आला. लिफ्ट बंद, जिना चढून आलेला, घामाघूम. "अगं, बघून आलो मी! झोपली आहे छान."

"तुमचं तोंड बघा आधी आरशात."

"जिना चढून आलोय म्हणून."

"तेव्हाही जिना चढूनच आला होतात."

त्याने फोनवरचा फोटो दाखवला, काचेबाहेरून काढलेला. तिने बघितला आणि परत दिला. "हा कालचाही असेल. बाबांचाही दाखवला होता ना? हसतानाचा."

थोरल्या सिस्टर दूध काढायला रिकामी बाटली घेऊन आल्या. "चल बाळ, वेळ झाली. भूक लागली असेल तिला."

"कुणाला?"

"तुझ्या लेकीला, अजून कुणाला!"

"मला माझी लेक दाखवा, मग काढते," असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून झोपली. समोर आलेलं ताट तिने तसंच राहू दिलं. सिस्टरांनी समजावलं, रागावल्या, पाठीवरून हात फिरवला. काही उपयोग नाही. बाहेर येऊन त्या नवऱ्याला हळू आवाजात म्हणाल्या, "थोडं साठवलेलं आहे, ते आज पुरेल. पण अशी रडत उपाशी राहिली तर दूध आटेल हिचं. मग त्या पोरीला मी काय देऊ?"

नवरा भिंतीला टेकून उभा राहिला.

हे सगळं फुंकर स्टुलावर बसून ऐकत होता. रस्ता खणायची परवानगी मागायला त्याने फोन काढला होता, तो त्याने तसाच खिशात ठेवला. "एकदा हेही बदलून बघतो," तो स्वतःशीच पुटपुटला, "नाहीतर मग खणूच." त्याने माझी कडी ओढली आणि मला बाहेर घेतलं. कितीतरी वर्षांनी मी त्या पेटीबाहेर आलो. पिशवीतून त्याने नवं पाकीट काढलं, फोडलं आणि त्यातलं मॉड्यूल माझ्याशेजारी तळहातावर ठेवलं.

आम्ही दोघं निळे.

तो बघत राहिला. एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे. मग त्याने पिशवी जमिनीवर ओतली. सगळी पाकिटं निळी.

"अरे देवा," तो म्हणाला. "तिकडेही निळंच टाकलंय मी."

"म्हणजे काय?" सिस्टरांनी विचारलं.

"म्हणजे गाढव आहे मी, सिस्टर. केबलला काही झालेलं नाही."

"मग टाका ना बरोबरचं!"

"बरोबरचं नाहीये माझ्याकडे. मागवलं तर यायला आठवडा."

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात फुंकरने स्वतःच्या पँटचा खिसा चाचपला आणि किल्ल्यांच्या जुडग्यातून, सुट्ट्या नाण्यांतून एक धुळकट पिवळी कडी बाहेर ओढली. माझा जोडीदार! तोंडाला बूच नाही, अंगावर ओरखडे. मी त्याला ओळखलं नसतं. फुंकरने त्याला माझ्याशेजारी तळहातावर ठेवलं, आणि थोडा वेळ आम्ही असे होतो. दोघंही विझलेले. बोलणार काय?

फुंकरच्या पिशवीत तळाशी सफाईच्या कांड्यांचं पाकीट होतं, वर्षानुवर्षं न फोडलेलं. "साहेब कितीदा सांगतात फुंकू नको, याने पूस. पण सवय मेली सुटत नाही." त्याने एक कांडी काढली आणि माझ्या तोंडात हलकेच फिरवली. मग केबलचं टोक पुसलं, मग जोडीदाराचं तोंड. मित्रांनो, कारखान्यातून निघाल्यापासून मला कुणी पुसलं नव्हतं. सगळं झाल्यावर सवयीने त्याचे गाल फुगलेच.

"फुंकलंत तर याद राखा!" थोरल्या सिस्टर ओरडल्या.

त्याने श्वास नाकावाटे सोडला. मला जागेवर बसवलं, केबल लावली आणि जोडीदाराला आणि तिकडच्या टोकासाठी एक नवी कांडी घेऊन तो धावला. रस्ता ओलांडताना गाडीखाली येता येता वाचला म्हणे. मी वाट बघत बसलो. तो नवा निळा पलीकडे ओरडत असणार, मला त्याचं काही ऐकू येत नव्हतं. मग केबल अंधारली. आणि मग एक उजेड आला. अगदी बारीक, घसा बसलेला. पण तोच! माझाच! हिरवा दिवा लागला तेव्हा मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

"आली, आली!" सासू किंचाळली. "अगं, बघ तरी!"

सुनेने मान वळवली. टीव्हीवर तिची लेक झोपलेली होती. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे कालचं चित्र लावलंय."

"काय बोलतेस हे!"

"आत्ताचं आहे कशावरून?"

सासू, नवरा, सगळे एकमेकांकडे बघायला लागले. थोरल्या सिस्टरांनीच विचारलं, "कशाने पटेल तुला? सांग, तसं करते."

ती विचार करून म्हणाली, "तिकडच्या सिस्टरना सांगा, तिच्या उजव्या मुठीत बोट द्या. आत्ता."

सिस्टरांनी फोन लावला. मी दम धरून उजेड वाहत होतो. त्यातली कुठली लुकलुक बोटाची आणि कुठली मुठीची, मला काय कळणार? मी फक्त एकही सांडू नये म्हणून जपत होतो. आमच्या दोघांत मिळून जेवढा जीव उरला होता तेवढा आम्ही लावला.

आणि सून हुंदका देऊन म्हणाली, "धरलं. धरलं हो तिने बोट." मग हमसून हमसून रडली, नाक पुसलं आणि म्हणाली, "बाटली द्या. लवकर द्या."

सासूही पदराने डोळे पुसत होती. जरा वेळाने ती म्हणाली, "आता तरी बसला ना विश्वास?"

"लेकीवर बसला," सून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमच्यावर बसायला वेळ लागेल, आई."

सासूने ताट झाकून ठेवलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तिने सकाळचा मुक्काम रस्त्यापलीकडे हलवला. आत तिला सोडत नव्हते. पण बाळाच्या पेटीमागे काचेची भिंत होती आणि ती कॅमेऱ्यात दिसायची. तिथं उभी राहून तिने हातातलं घड्याळ काढलं आणि काचेला लावून धरलं. कॅमेऱ्याकडे तोंड करून.

"या काय करतायत?" सून म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. तिने टीव्हीवरचे काटे बघितले, आणि वॉर्डातल्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं. तिचा चेहरा पडला. "सिस्टर! जुळत नाहीये!"

थोरल्या सिस्टर धावत आल्या, त्यांनी दोन्हीकडे पाहिलं आणि हसल्या. "अगं वेडे, आपलं घड्याळ कायम मागे असतं. ते आणि मी, दोघंही थकलोय." त्यांनी आपलं मनगट पुढे केलं. त्यांचे काटे आणि टीव्हीवरचे काटे सारखे होते.

त्या दिवशीच त्यांनी स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं. मग रोज हेच चाललं. सासू बोलत काही नव्हती, बोललेलं इकडे ऐकूच आलं नसतं. मधून मधून यायची, घड्याळ काचेला लावायची, हात दुखला की दुसऱ्या हातात घ्यायची. इकडे सून टीव्ही बघायची, मग भिंत बघायची, मग पुन्हा टीव्ही. जुळलं की उशीवर मान टाकायची.

माझं म्हणाल तर आता फार दिवस उरलेले नाहीत. फुंकरने नवी जोडी मागवली आहे, यावेळी एक निळा आणि एक पिवळा, दोनदा तपासून. आम्हाला काढतील ते बरंच होईल, माझी तक्रार नाही. पण तुमच्यापैकी कुणी उद्या या कामाला लागलं तर म्हाताऱ्याचं एवढं ऐका. केबल काढलीत तर दोन्ही तोंडांना आधी बूच लावा. टोकाला बोट लावू नका. फुंकू तर नकाच. केबल करकचून वाकवू नका, आत काच आहे. जोडी लावताना रंग बघा. आणि टीव्हीला शाबासकी देऊन झाली की एकदा पेटीचं दार नीट लावा, आणि ती कुंडी तेवढी खाली उतरवा.

आज सकाळची गोष्ट सांगतो आणि थांबतो. बोलून बोलून गरम झालोय. सून उठून बसली होती, ताप बराच उतरला होता, लेकीसाठी दूध काढून झालं होतं. टीव्हीवर सासूने घड्याळ धरलं. सून काट्यांकडे बघून हसली आणि बाटलीचं झाकण लावायला लागली. थोरल्या सिस्टर वाट बघत होत्या ती भिंतीकडे बघायची. तिने बघितलंच नाही.

"अगं, आज घड्याळ जुळवून नाही बघितलंस?"

"कशाला?" ती म्हणाली. "आईंनी दाखवलंय ना."

पलीकडे सासू अजून हात वर करून उभी होती. माझ्या केबलमधून तिकडे आवाज जात नाही, मित्रांनो. हे एक वाक्य मला रस्त्यापलीकडे पोचवता आलं नाही. ते सुनेलाच चालत जाऊन सांगावं लागेल. डॉक्टर म्हणालेत, उद्या तिकडे सोडतो.